ट्रेनिंगच्या यादीत मावशी का नाहीत?

आमच्या कंपनीत गेल्या आठवड्यात पॉशचं वार्षिक ट्रेनिंग उरकलं. उरकलं हाच शब्द बरोबर आहे. ४५ मिनिटं इंग्रजी स्लाइड्स, शेवटी क्विझ, आणि क्विझची उत्तरं आधीच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. संध्याकाळी एचआरचा मेल आला, '१०० टक्के कर्मचाऱ्यांनी ट्रेनिंग पूर्ण केलं.'

१०० टक्के? चहाचा ट्रे घेऊन आलेल्या मावशींना तर दारातच थांबवलं होतं, आत सेशन चालू आहे म्हणून! बाहेर आल्यावर मी त्यांना विचारलं, तुमचं ट्रेनिंग कधी? त्या हसल्या. "आमचं कशाला ओ ताई, आम्ही ठेकेदाराच्या."

एचआरला विचारलं. त्यांचंही उत्तर हेच, फक्त इंग्रजीत.

आता २०१३ चा कायदा काय म्हणतो बघा. कर्मचारी कोण, याच्या व्याख्येत कायम, तात्पुरते, रोजंदारीवरचे, ठेकेदारामार्फत आलेले, शिकाऊ, अगदी बिनपगारी काम करणारेसुद्धा आहेत. कलम १९ म्हणतं की कर्मचाऱ्यांसाठी ठरावीक काळाने कार्यशाळा घेणं ही मालकाची जबाबदारी आहे. म्हणजे मावशींना वगळून केलेलं ट्रेनिंग अर्धवट आहे, मेलमध्ये काहीही लिहा.

आणि हा कायदा आला कुणामुळे? भंवरीदेवींमुळे. राजस्थानातल्या भटेरी गावच्या 'साथिन', सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात काम करणाऱ्या. त्यांनी बालविवाह थांबवायचा प्रयत्न केला, म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यातून विशाखा खटला उभा राहिला, १९९७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, आणि पुढे १६ वर्षांनी कायदा. त्यांच्याकडे ना एसी केबिन होती, ना कंपनीचं आयकार्ड. आमच्या स्लाइडवर 'विशाखा, १९९७' एवढंच होतं. बाईंचं नावसुद्धा नाही.

'खोट्या तक्रारी'वर मात्र ट्रेनर साहेब चांगले दहा मिनिटं बोलले. माना डोलल्या. तक्रार सिद्ध झाली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही, हे त्याच कलम १४ मध्ये लिहिलंय. ते वाक्य स्लाइडवर नव्हतं.

कुणी म्हणेल, मावशींना इंग्रजी स्लाइड कळणार आहे का? अहो, मग मराठीत घ्या ना! तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची असते, आणि बाईला लिहिता येत नसेल तर समितीने तिला मदत करायची असते, ही दोन वाक्यं मराठीत सांगायला किती वेळ लागतो? ज्या बाईला स्टोअररूमच्या बोळात एकटीनं पोछा मारावा लागतो, तिला हे माहीत असण्याची गरज माझ्यापेक्षा जास्त आहे.

मी एचआरला लेखी मेल टाकलाय, कलमांसकट. मावशींचं सेशन त्यांच्या ड्युटीच्या वेळेत, मराठीत, आणि समितीतल्या बायकांची नावं-नंबर त्यांच्या चेंजिंग रूमच्या भिंतीवर, एवढंच मागितलंय. आज सहावा दिवस. उत्तर नाही.

तुमच्या ऑफिसातल्या मावशींना उद्या विचारा आणि खाली लिहा.