पाडव्याच्या फोटोतली हललेली मुलगी

धुळ्याहून इंदूरला जायचे म्हणजे आग्रा रोड धरायचा, शिरपूर मागे टाकायचे आणि बिजासनचा घाट चढायचा. लहानपणी दर दिवाळीला आम्ही हा प्रवास एस.टी.ने करत असू. इंदूरच्या स्टेशनजवळ सियागंज नावाची ठोक बाजारपेठ आहे. तिथे आमच्या आजोबांचे किराण्याचे दुकान. आता ते माझा चुलतभाऊ पाहतो. हळद, मिरची, धने आणि हिंग यांचा एकत्र वास नाकात शिरला, की आजोळी नव्हे, पण आजोबांकडे आल्याची खूण पटते.

भावाने दुकानाचे नूतनीकरण काढले होते. गल्ल्यामागच्या भिंतीवर आजोबांचा पाच फूट रुंदीचा फोटो लावायचा, असे त्याच्या मनात होते. फोटो ठरलेलाच होता. दिवाळीच्या पाडव्याला दुकानात वहीपूजन चालले आहे, आजोबा गादीवर बसले आहेत, मागे दोन नोकर, शेजारी आजी आणि पुढ्यात मुले. घरात या फोटोची पोस्टकार्डाएवढी एक प्रत होती, तीही पिवळी पडलेली. माझ्या भाच्याने, म्हणजे भावाच्या मुलाने, मोबाइलवर तिचा फोटो काढून फ्लेक्सवर मोठा करून आणला. रस्त्यावरून बरा दिसला. जवळ गेल्यावर मात्र आजोबांचा चेहरा ओल धरलेल्या भिंतीवरच्या डागासारखा झाला होता. भाऊ हिरमुसला.

पोटमाळा रिकामा करताना चहाच्या एका जुन्या डब्यात पाकीट सापडले. त्यात त्याच फोटोची निगेटिव्ह होती. छोट्या रोलातली नव्हे, तर स्टुडिओवाले ‘हाफ प्लेट’ म्हणत त्या मापाची, साडेसहा इंच बाय पावणेपाच इंचाची सुटी फिल्म. नंतरच्या काळात घरोघर आलेल्या पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मच्या एका चौकटीपेक्षा हिचे क्षेत्रफळ सुमारे तेवीस पट भरते. आपल्याला वाटते, फोटो म्हणजे कागदावरची प्रत. पण ती प्रत म्हणजे एक उतारा. अस्सल दस्तऐवज म्हणजे निगेटिव्ह. मी इतिहास शिकवते, त्यामुळे अस्सल आणि नक्कल यांतला फरक मला चटकन कळायला हवा होता. तरी इतकी वर्षे आम्ही सारे नक्कलच जपत बसलो होतो.

छपाईच्या धंद्यात असलेल्या एका माजी विद्यार्थ्याने सुचवले, “मॅडम, ही फिल्म ड्रम स्कॅनरवर घ्या.” मुंबईत एकाकडे असे जुने यंत्र अजून चालू होते. मी फिल्म टपालाने न पाठवता स्वतः घेऊन गेले.

यंत्र पाहून मला लेथची आठवण झाली. एक पारदर्शक नळकांडे असते. त्यावर एक खास पातळ द्रव लावून फिल्म गुंडाळतात आणि वरून पारदर्शक पापुद्रा ताणून चिकटवतात. द्रवामुळे मध्ये हवा राहत नाही, बारीक ओरखडे बुजल्यासारखे होतात. मग नळकांडे मिनिटाला शेकडो फेरे घेत फिरते आणि प्रकाशाचा सुईच्या टोकाहून बारीक ठिपका फिल्मच्या आरपार जात राहतो. पलीकडे प्रकाश मोजणारी एक अतिशय संवेदनशील नळी असते. फिल्मच्या दाट काळ्या भागातून झिरपणारा अंधूक प्रकाशही ती टिपते. एका वेळी एकच ठिपका मोजायचा, असे कोट्यवधी ठिपके. सावकाश आणि चोख.

किती ठिपके हवेत, याचे गणित साधे आहे. पाच फूट म्हणजे साठ इंच. छपाईत इंचाला ३०० ठिपके धरले, तर रुंदीत १८,००० ठिपके लागतात. ते साडेसहा इंचांच्या फिल्ममधून काढायचे, म्हणजे इंचाला सुमारे २,७७० ठिपक्यांनी स्कॅन करायचे. एकूण साडेतेवीस कोटींहून अधिक ठिपके भरतात. ज्यांना फक्त अल्बमसाठी प्रत हवी त्यांनी एवढा खर्च करू नये, हे त्या यंत्रवाल्यानेच मला सांगितले. त्यांना साधा सपाट स्कॅनर पुरतो.

संगणकाने वाचलेले पहिले छायाचित्रही अशाच फिरत्या ड्रमवरचे होते. १९५७ साली अमेरिकेत रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो त्यावर लावला. त्यात रुंदीला १७६ आणि उंचीला १७६ एवढेच ठिपके होते. पुढे रंगीत मासिके आणि कॅलेंडरे छापणाऱ्यांनी ही यंत्रे वापरली. आता बहुतेक फोटो जन्मतःच डिजिटल असतात, त्यामुळे ती यंत्रे सांभाळणारे हात थोडेच उरले आहेत.

मात्र प्रत्येक निगेटिव्ह ड्रमवर जाऊ शकत नाही. काच वाकत नाही! इंदूरकरांना हे लगेच उमजेल. राजा दीनदयाळ १८६६ साली इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरीला लागले आणि १८७४च्या सुमारास त्यांनी इथेच कॅमेरा हाती घेतला. त्यांच्या अडीच हजारांहून अधिक काचेच्या निगेटिव्ह दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. अशा काचा सपाट ठेवूनच टिपाव्या लागतात.

आमची फिल्म अॅसिटेटची. या फिल्मला उष्णता आणि दमटपणा बाधला, की ती आतून कुजते, आक्रसते, तिला सुरकुत्या पडतात. तिला शिरक्यासारखा आंबट वास येऊ लागतो. किराण्याच्या दुकानात हिंगापुढे तो वास कुणाला कळणार? मुंबईत पाकीट उघडल्यावर मात्र कळला. कुजण्याची नुकती सुरुवात होती. आणखी काही उन्हाळे पत्र्याखाली गेले असते, तर फिल्म ड्रमवर बसलीच नसती.

छपाई होऊन आली तेव्हा पंच्याहत्तरी ओलांडलेली आत्या मुद्दाम दुकानात आली. आजोबांच्या मिशीचा केस न् केस दिसत होता. शेराची वजने दिसत होती. फोटो कधीचा, यावर घरात नेहमी वाद व्हायचा. भिंतीवरच्या कॅलेंडरातले १९५३ साल आता सरळ वाचता येत होते. वाद मिटला.

फक्त आजीपुढची चार वर्षांची मुलगी तेवढी धुरकट राहिली. ती आत्याच. दुकानात उजेड कमी, फोटोग्राफरने सेकंदभर तरी झाकण उघडे ठेवले असणार आणि तेवढ्यात ही हलली. जे फिल्मवर उतरलेच नाही, ते कुठलेही यंत्र आणणार कोठून?

भाच्याने मोबाइलवर काहीतरी केले आणि क्षणात त्या धुरकट जागी रेखीव चेहरा आणला. टपोरे डोळे, गालाला खळी. “आजी, ही बघा तुम्ही! हाच छापून लावू.”

आत्याने चष्मा सावरून पाहिले. “पोर गोड आहे रे. पण कोणाची?”

कोणी काही बोलेना. मग तीच भिंतीकडे बोट दाखवून म्हणाली, “ही मी. पूजेच्या ताटातला बत्तासा हवा होता मला, म्हणून हात पुढे केला. आई ओरडली होती.” आम्ही जवळ जाऊन पाहिले. धुरकट पट्टा खरोखरच ताटाच्या दिशेने गेला होता.

फोटो तसाच लावला आहे, हललेल्या मुलीसकट.

वाचकहो, आपल्याही माळ्यावर असे एखादे पाकीट असेल. जुन्या निगेटिव्ह रद्दीत घालू नका. कडेने धरा, ओल्या फडक्याने पुसू नका, प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून कागदी पाकिटात, कोरड्या आणि थंड जागी ठेवा. आंबट वास येणाऱ्या वेगळ्या काढा आणि त्यांचे काम आधी करा. आणि घरात कुणी वडीलधारे असेल, तर फोटो घेऊन त्यांच्याजवळ बसा. बत्ताशाची गोष्ट कुठल्याही स्कॅनरमध्ये येत नाही.