बॅगेत माझं काय?

घरातलं कुणीही गावाला निघालं, की बॅग कोण भरतं? उत्तर तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे. ह्यांचे रुमाल, मुलांचे मोजे, सासूबाईंच्या गोळ्या, सगळं आपल्याला तोंडपाठ. आणि आपलं? ‘माझं काय, टाकते दोन साड्या’ म्हणत उरलेल्या जागेत कोंबायचं. आयुष्यभर मीही हेच केलं. त्यात काय चुकतं, ते कळायला मात्र मला पार अलास्काला जावं लागलं.

2024च्या जूनमध्ये आम्ही दोघं लेकीकडे सिएटलला गेलो होतो. जावयांनी तिथून आठवडाभराची अलास्काची क्रूझ ठरवली होती. लेक महिनाभर आधीपासून फोनवर बजावत होती, “आई, एकावर एक तीन थर घालावे लागतात. तुझं स्वतःचं जाकीट घेच.” मी हसण्यावारी नेलं. आम्ही निफाडकर! डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडे पारा पाच-सहा अंशांवर उतरतो, द्राक्षं वाचवायला बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. आणि तिथं म्हणे जूनमध्ये दिवसा दहा-पंधरा अंश. मला कोण थंडी शिकवणार?

मग नाशिकला जाऊन ह्यांच्यासाठी थर्मल, हातमोजे, कानटोपी, चांगलं जाडजूड जाकीट घेतलं. नातवाला स्वेटर विणला. लेकीसाठी बेसनाचे लाडू, मेतकूट, गोडा मसाला. वजनकाटा तेवीस किलोंना टेकला आणि माझं जाकीट दुकानातच राहिलं. ‘मला कुठं एवढी थंडी वाजते!’ जुना स्वेटर आणि शाल घेतली, झालं.

निफाडची थंडी कोरडी असते, दुपारी स्वेटर काढावाच लागतो. तिथली थंडी ओली. बोट केचिकन नावाच्या गावाला लागली. वर्षात साडेतीन मीटरहून जास्त पाऊस पडणारं हे गाव. अर्ध्या तासात माझ्या सुती साडीचा घोळ भिजला, सॅंडलमधली बोटं बधिर झाली. सुती कापड पाणी धरून ठेवतं आणि अंगातली ऊबही ओढून घेतं, हे तेव्हा अनुभवलं. लोकर ओली झाली तरी बरीच ऊब राखते, पण माझ्या अंगावर लोकर होती ती फक्त कमरेपर्यंत!

खरी हळहळ पुढंच होती. ग्लेशियर बे या उपसागरात बोट मार्जरी नावाच्या हिमनदीसमोर तासभर थांबते. पाण्यावर सुमारे अडीचशे फूट उंच, निळसर बर्फाची भिंत. राष्ट्रीय उद्यानातले रेंजर बोटीवर येऊन माहिती सांगत होते. 1750च्या सुमारास हा सगळा उपसागर बर्फाने भरलेला होता, आता बर्फ शंभर किलोमीटरच्या वर मागे सरलाय. सगळे डेकवर उभे. बर्फावरून येणारा वारा शाल भेदून हाडांत शिरत होता. ह्यांनी जाकीट काढून पुढं केलं, पण ह्यांची छाती नाजूक, खोकला लगेच उसळतो. मी “राहू द्या” म्हटलं आणि दहा मिनिटांत आत जाऊन चहाचा कप हातात धरून बसले.

तेवढ्यात बाहेर तोफ डागल्यासारखा आवाज झाला. बर्फाचा कडा तुटून समुद्रात कोसळला होता. तिथले मूळ रहिवासी त्लिंगित लोक या आवाजाला ‘पांढरा गडगडाट’ म्हणतात. मी धावत गेले तोवर नुसत्या लाटा उरल्या होत्या. नातू म्हणाला, “आजी, तू कुठं होतीस?”

काय सांगणार होते? ह्यांना बोल लावत नाही मी. मी मागितलं असतं तर नाशिकला त्याच दिवशी दुसरं जाकीट आलं असतं. पण मागायचं सुचलंच नाही, आणि वर त्याचा अभिमान बाळगला. आपण याला त्याग म्हणतो. मला आता ती निव्वळ सवय वाटते, आणि तिचा कुणालाच उपयोग नसतो. मी गारठले म्हणून ह्यांना जास्त ऊब मिळाली का? उलट त्यांचंही अर्धं लक्ष माझ्याकडेच.

तुम्ही म्हणाल, आम्ही कुठं निघालोय क्रूझला! पण चारधामला तर जाता ना? केदारनाथला, साडेतीन हजार मीटरवर, पातळ शाल आणि चपला घालून कुडकुडणाऱ्या आपल्याच बायका मी पाहिल्यात. शेजारी नवरा मात्र कानटोपीपासून बुटापर्यंत जय्यत.

म्हणून मैत्रिणींनो, अनुभवाचे चार बोल. अंगालगत थर्मल, त्यावर लोकरी कपडा, सगळ्यावर वारा-पाऊस अडवणारं जाकीट. साडीच नेसायची तर आत थर्मलची विजार घाला, कुणाला दिसत नाही. जोडव्यांवरूनही मोजे चढतात. बूट आधी महिनाभर घरात वापरा. बोटीवर इस्त्री, पाणी तापवायचा रॉड नेऊ देत नाहीत. मोठ्या बॅगा बंदरावरच ताब्यात घेतात आणि उशिरा खोलीत पोचवतात, तेव्हा औषधं, पासपोर्ट, स्वेटर हातातल्या पिशवीत ठेवा. सिएटलहून जाणाऱ्या बोटी बहुधा कॅनडातल्या व्हिक्टोरियालाही थांबतात, त्यामुळे आपल्याला कॅनडाचाही व्हिसा लागतो.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, रिकाम्या बॅगेत पहिला कपडा स्वतःचा ठेवा. लाडू उरलेल्या जागेत मावतील तेवढेच.

परत आल्यावर मी जाकीट घेतलं. निफाडच्या थंडीत पहाटे ते घालून दूध आणायला जाते, तेव्हा शेजारणी हसतात. हसू देत बापड्या. पुढच्या वेळी बर्फ कोसळेल तेव्हा मी बाहेर उभी असणार आहे.