ऑपरेशन आईचं, चौकशी बाळाची

"नॉर्मल झालं की सिझर?" कोल्हापुरात बाळंतिणीला भेटायला येणारा माणूस टेकायच्या आधी हे विचारतो. सिझर म्हटलं की ठरलेलं बोलणं सुरू होतं : "भूल दिली, पोर काढलं, तुला काय कळलं गं? आम्ही घरात बाळंत झालाव." माझ्या खाटेपाशी हे ऐकवणाऱ्यांना मी तेव्हा उत्तर दिलं नाही. खोकला आला तरी टाके ओढत होते. आता देते.

सिझर ही पोटाची मोठी शस्त्रक्रिया आहे. कातडी, चरबी, स्नायूंवरचं आवरण, पोटाचा पडदा आणि शेवटी गर्भाशय, असे थर उघडून बाळ काढतात आणि पुन्हा शिवतात. घरातल्या पुरुषाचं अपेंडिक्स काढलं तर त्याला कुणी पाण्याची बादली उचलू देत नाही. इथं त्याहून मोठी चीर पडलेली बाई रात्री दर दोन-तीन तासांनी उठून पाजते, आणि वर तिलाच आळशी म्हणतात.

लघवीची नळी काढल्यावर पहिल्यांदा उठणं काय असतं ते बघा. कुशीवर वळायचं, एका हाताने टाके दाबून धरायचे, दुसऱ्याने खाटेची कड. पाय खाली सोडले की डोळ्यांपुढे अंधारी. पाठ सरळ होत नाही, वाकूनच संडास गाठायचा. तेवढ्यात खोलीत पाहुणे भरलेले, बाळ या हातातून त्या हातात, आणि गाऊन सावरत भिंतीला धरून चाललेल्या बाईला वाट द्यायचं भान कुणाला नाही. हे चालणं गरजेचंच असतं, नाहीतर पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. म्हणून तर दुखण्याची गोळी वेळेवर हवी. "दुधातून बाळाला बाधेल" म्हणून ती अडवणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारावं : पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन पाजणाऱ्या आईला चालतात.

पाण्याचंही तेच. "पाणी प्यालीस तर टाके पिकतील, भात खाल्लास तर पोट सुटेल." टाके जंतुसंसर्गाने पिकतात, पाण्याने नाही. पाणी तोडलं की शौचाला खडा होतो आणि कुंथताना जीव जातो. पाजणाऱ्या बाईला तहानलेली ठेवणं हा छळ आहे, मग तो मायेने केलेला असला तरी.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातली २५.४ टक्के बाळंतपणं सिझरने झाली होती. देशातल्या खासगी दवाखान्यांत हे प्रमाण ४७.४ टक्के होतं. विनाकारण सिझर करणाऱ्यांना जाब विचाराच, पण डॉक्टरांच्या टेबलासमोर. टाके घातलेल्या बाईला त्याची शिक्षा देऊ नका.

दवाखान्यांनाही सोडणार नाही. घरी जाताना बाळाच्या लसींचं कार्ड समजावून मिळालं. माझ्या हाती इंग्रजी कागद आणि "टाके काढायला या" एवढंच. ताप, जखमेतून पू, दुर्गंधीयुक्त स्राव, अचानक जास्त रक्त, एका पायाला सूज, धाप : यातलं काही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, हे कुणी सांगितलं नाही. २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात सिझर, औषधं, रक्त, सात दिवसांपर्यंतचा आहार आणि घरी सोडायची गाडी मोफत आहे. कोल्हापूरच्या सरकारी सीपीआर रुग्णालयात जाणाऱ्या प्रत्येक बाईचा तो हक्क आहे, आणि हक्क मागून घ्यायचा असतो.

राजारामपुरीत असो की गडहिंग्लजला, पुढच्या वेळी बाळंतिणीला भेटायला जाल तेव्हा नॉर्मल की सिझर हे विचारू नका. पाण्याचा तांब्या भरून द्या, गोळी घेतली का विचारा, तिला संडासापर्यंत धरून न्या आणि दहा मिनिटांत निघा. एवढं जमत नसेल तर बारशालाच या.