तिकीट स्वस्त, टॅक्सी महाग

विमानाचं तिकीट शोधताना आपण सगळेच जरा जास्त हुशार होतो. मंगळवारी बघ, रात्री बारानंतर बघ, दुसऱ्याच्या लॅपटॉपवर बघ... आणि शेवटी सापडते पहाटे साडेपाचची फ्लाइट. समजा, नऊच्या फ्लाइटपेक्षा आठशे रुपयांनी स्वस्त. झक्कास! ग्रुपमध्ये मिरवायला आपण मोकळे. पण या आठशेतले खिशात उरतात किती, हा हिशेब कुणी करतं का? मी करते. करावाच लागतो, कारण मी फ्रीलान्सर आहे आणि माझं टॅक्सीचं बिल पास करणारा एचआर अजून जन्माला यायचाय.

तर मंडळी, या आठवड्यात विमानतळ ते टाउन, म्हणजे फोर्ट-चर्चगेट, या पंचवीसेक किलोमीटरचा हिशेब. सूत्र आधीच सांगून टाकते. या रस्त्याचा भाव किलोमीटरवर ठरत नाही, घड्याळावर ठरतो.

दिवसा टेन्शन नाही

सहारच्या टी-२ टर्मिनलमधून विमानं उडायला लागली फेब्रुवारी २०१४ मध्ये. त्याच महिन्यात गाड्यांसाठी मस्त उन्नत रस्ताही आला. मेट्रो मात्र तिथे पोहोचली ऑक्टोबर २०२४ मध्ये. गाडीवाल्यांना पहिल्याच महिन्यात रस्ता आणि बाकीच्यांना दहा वर्षं वेटिंग! असो, आली ना? ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड ही साडेतेहतीस किलोमीटरची मेट्रो-३ पूर्ण सुरू झाली. टी-१ आणि टी-२ दोन्हींना स्वतंत्र स्टेशन. खाली सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट. या टोकापासून त्या टोकापर्यंत जास्तीत जास्त भाडं ७० रुपये. साधारण पाऊण तासात तुम्ही टाउनमध्ये, एसीत, आणि वांद्र्याचा सिग्नल सुटण्याची वाट न बघता.

डोंबिवली-कल्याणकरांनो, तुमचीही सोय आहे. घाटकोपरला उतरा, मेट्रो-१ पकडा, मरोळ नाक्याला मेट्रो-३ मध्ये बदला, पुढचंच स्टेशन टी-२. अंधेरीहून येणाऱ्यांनीही असंच करायचं. फक्त मेट्रो-१ वरच्या 'एअरपोर्ट रोड' या नावाला भुलू नका. तिथे रोड आहे, एअरपोर्ट नाही. बॅग ओढत बरंच चालावं लागेल.

दोन टिप्स. भुयारात मोबाइलला रेंज मिळेलच असं धरून बसू नका, तिकीट आधीच काढून ठेवा. आणि स्टेशन ते टर्मिनलचं दार यासाठी पंधरा मिनिटं जास्तीची धरा.

रात्री खरी गंमत

आता परत त्या साडेपाचच्या फ्लाइटकडे. मेट्रो-३ ची पहिली गाडी सुटते सकाळी सहाच्या सुमारास, शेवटची रात्री साडेदहाला. म्हणजे स्वस्त फ्लाइट जेव्हा उडते आणि उशिरा उतरते, नेमकी तेव्हाच मेट्रो झोपलेली. मग उरते टॅक्सी. काळ्या-पिवळीचा मीटर फेब्रुवारी २०२५ पासून ३१ रुपयांवरून सुरू होतो. फोर्ट ते टी-२ दिवसा पाचशेच्या आसपास. रात्री बारा ते पहाटे पाच सव्वापट, म्हणजे साडेसहाशेच्या घरात. मेट्रोने गेला असतात तर फार तर सत्तर. आठशेतून पाचशे ऐंशी वजा केले की उरले दोनशेवीस. आणि त्यासाठी तुम्ही अडीचला उठलात! ॲपवाली कॅब घेतलीत तर त्या वेळेचा भाव ती ठरवणार, तुम्ही नाही.

यातला मधला मार्ग म्हणजे आपली लोकल. चर्चगेटहून पहिली गाडी सव्वाचारच्या सुमारास निघते. विलेपार्ले पूर्वेला उतरून रिक्षाने टी-१ अगदी जवळ. पाच वाजून गेले असतील तर रिक्षाचा रात्रीचा दरही संपलेला, मीटर २६ पासून. साडेसहा किंवा त्यानंतरच्या देशांतर्गत फ्लाइटला हे छान जमतं. पन्नास रुपयांत काम फत्ते. साडेपाचच्या फ्लाइटला मात्र नाहीच जमत.

रात्री उशिरा उतरलात तर टी-२ हून रिक्षाने अंधेरी स्टेशन आणि तिथून लोकल, पण मध्यरात्रीच्या आत. रिक्षा टाउनला येत नाही, वांद्रे आणि सायनच्या अलीकडेच थांबते, हे बाहेरगावच्या पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा. मुलींनो, रात्रीच्या लोकलमध्ये महिला डब्यात पोलिस असतो, तो डबा मला तरी एकटीने टॅक्सीत बसण्यापेक्षा बरा वाटतो. एकदा पहाटे तीनला एका ड्रायव्हरने अर्ध्या रस्त्यात गाडी बाजूला घेऊन 'दोनशे जास्त लागतील' म्हटलं होतं. दिलेही. त्या वेळी, त्या रस्त्यावर, कोण घासाघीस करणार? स्वस्त प्रवास म्हणजे नुसते पैसे वाचवणं नाही. 'नाही' म्हणायची सोय असणं, हाही त्याचा भाग आहे.

आता दुसरा विमानतळ

२५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहूनही विमानं उडतात. त्यामुळे तिकीट काढताना कोड बघा. 'बीओएम' म्हणजे सहार-सांताक्रूझ, 'एनएमआय' म्हणजे नवी मुंबई. टाउनहून कारने अटल सेतूवरून गेलात तर एका बाजूचा टोलच २५० रुपये. लोकलने जायचं तर उरण मार्गावरचं तरघर स्टेशन जवळचं, तिथून पुढे बस किंवा रिक्षा. पण या मार्गावर गाड्या कमी, वेळापत्रक पाहूनच घराबाहेर पडा. तिथलं तिकीट तीनशेने स्वस्त दिसलं तर आधी टोल मोजा, मग खूश व्हा. पनवेल-बेलापूरवाल्यांची मात्र चांदी आहे.

जाता जाता

आपण वर्षातून चार वेळा विमानतळावर जातो. पहाटे चारच्या शिफ्टला काउंटरवर उभी राहणारी मुलगी, सामान चढवणारे लोडर, फरशी पुसणाऱ्या मावशी हे रोज जातात. त्यांना आठशे रुपयांच्या तिकिटाचा प्रश्न नाही, घर ते ड्युटी हाच प्रश्न आहे. रात्री रुळांची देखभाल करावी लागते, हे मान्य. पण दिल्लीची एअरपोर्ट एक्स्प्रेस पहाटे पावणेपाचला सुरू होते. आपली तासभर आधी निघाली तर? आणि तोवर अंधेरी, दादर, फोर्ट अशी रात्रभर दर अर्ध्या तासाने एक बस? बसला काही भुयार खणावं लागत नाही.

विमानतळ चोवीस तास जागा असतो. त्याच्याकडे जाणारा स्वस्त रस्ता मात्र रात्री साडेदहाला शटर ओढतो. तेव्हा पुढच्या वेळी फ्लाइट निवडताना दोन घड्याळं बघा, एक विमानाचं आणि एक मेट्रोचं. दोन्ही जुळली तरच तिकीट स्वस्त समजा!