पांढरा रोहित, गडद पाणी

भिगवणहून परतलेल्यांचे फोटो पाहताना एक गोष्ट सतत खटकते. उजनी धरणाच्या फुगवट्यात रोहितांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा, थवा उभा असतो, पाणी छान उजळलेलं असतं आणि पक्ष्यांच्या अंगावर मात्र एकही पीस दिसत नाही. मानेवरची छटा नाही, पंखावरची फिकट गुलाबी नाही, नुसता पांढरा डाग. लोक लेन्सला दोष देतात आणि आणखी महागडी लेन्स शोधू लागतात. खरं तर हा प्रश्न प्रकाश मोजण्याचा आहे.

कॅमेऱ्यातला मीटर समोरचं दृश्य मध्यम करड्या रंगाचं असावं असं गृहीत धरतो. गडद पाण्यात थोडेसे पांढरे पक्षी असले की तो पाणी उजळायला जातो आणि त्या भरात पक्षी जळतो. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे करावं लागतं. उलट, पांढुरक्या आकाशात घार टिपायची असेल तर ते अधिक करायचं, नाहीतर घारीची काळी सावलीच उरते. एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. तरीही फोटो बिघडतात, कारण उडणारा रोहित आधी पाण्यासमोर असतो, मग काठावरच्या झाडीसमोर, मग आकाशासमोर. मीटर दर वेळी नवा हिशोब मांडतो. पक्ष्यावर पडणारं ऊन तेच असतं!

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की ऊन स्थिर असेल तर मॅन्युअलवर जावं आणि ऑटो आयएसओ बंद करावा. निरभ्र आकाश आणि वर आलेला सूर्य असेल, तर आयएसओ ४००, अ‍ॅपर्चर एफ ८ आणि शटर १/१६०० हा साधारण रंगाच्या पक्ष्यासाठीचा जुना, भरवशाचा आकडा. रोहित, बगळा, चमच्या यांच्यासाठी शटर १/२५०० किंवा १/३२०० वर न्यावं. सकाळच्या कोवळ्या उन्हात हे आकडे चालणार नाहीत; तिथे एक फोटो काढून हायलाइट वॉर्निंग पाहावी. पक्ष्याचं अंग लुकलुकत असेल तर ते थांबेपर्यंत शटर वाढवावं. पाणी काळवंडलं तरी चालेल. रॉ फाइलमध्ये सावलीतला तपशील बराच वर काढता येतो, पार जळालेलं पांढरं परत येत नाही.

रचनेचं म्हणाल, तर चौकट पक्ष्यानेच भरायची ही घाई सोडावी. भिगवणचा रोहित पाण्याशिवाय अपुरा आहे. त्याचे लांब पाय, खाली पडलेलं प्रतिबिंब, मागे कोळ्यांच्या जाळ्यांचे बांबू, हे सगळं त्या जागेचं आहे. प्रतिबिंब घ्यायचं तर पुरतं घ्यावं. गुडघ्यात कापलेलं प्रतिबिंब डोळ्यांना टोचतं. थव्यात माना एकमेकींवर चढलेल्या असतात, तेव्हा एक मान मोकळी होईपर्यंत थांबावं. होडीत उभं राहू नये. खाली बसून लेन्स पाण्याच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्यावी, म्हणजे मागचं पाणी दूर जाऊन मऊ होतं आणि पक्षी आपल्या नजरेला नजर देतो.

आता उडत्या फोटोबद्दल. रोहितच्या पंखांतला लाल आणि काळा रंग पंख उघडल्यावरच पुरता दिसतो, त्यामुळे तो फोटो सगळ्यांनाच हवा असतो. त्यासाठी होडी थेट थव्यात घातली जाते. रोहितला उठताना पाण्यावर धावत वेग घ्यावा लागतो. तो चिखलात चोच घालून जे खात असतो ते अर्धवट टाकून त्याला असं पळायला लावणं मला अजिबात मान्य नाही. शिवाय असा फोटो वाईटच येतो. घाबरलेला थवा आपल्याकडे पाठ करून उडतो.

पक्षी वाऱ्याच्या दिशेला तोंड करून उतरतात आणि उठतात. सकाळी वारा पूर्वेचा असेल, तर सूर्य आणि वारा दोन्ही पाठीशी घेऊन होडी लांब उभी करावी. उतरणारे पक्षी समोरून, तोंडावर ऊन घेऊन येतात. निघण्याआधीच नावाड्याला सांगा: दादा, थव्यापासून लांब थांबू, इंजिन बंद करा, वेळ गेला तरी चालेल. तो आपल्याच सांगण्यावर चालतो, पक्षी उठवायला त्याला भाग पाडू नका.