‘मी करीन’ कोण म्हणणार?

बँकेत कर्जमंजुरीच्या टेबलावर मी बरीच वर्षे काढली. अर्ज बाईच्या नावाचा असे, पण ‘हप्ते कसे फेडाल?’ असे विचारले की उत्तर शेजारच्या खुर्चीतून येई. बाई फार तर म्हणे, ‘हे बघतील.’ निवृत्तीनंतर प्रचारसभांना जाऊ लागलो, तेव्हा ते टेबल हटकून आठवू लागले.

पुरुष उमेदवार सांगतो, ‘मी रस्ता आणला, पाणीही आणीन.’ महिला उमेदवार पुष्कळदा म्हणते, ‘साहेबांनी संधी दिली, तुमची सेवा करायची आहे.’ नाती दोघेही जोडतात. पण तो ‘दादा’ होतो तो स्वतःच्या बळावर, ती ‘वहिनी’ होते ती नवऱ्यामुळे.

हा बायकांचा स्वभावच, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला ते पटत नाही. 1993 मध्ये अमलात आलेल्या 73 व्या आणि 74 व्या घटनादुरुस्त्यांनी स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना किमान एक तृतीयांश जागा दिल्या. 2011 मध्ये महाराष्ट्राने हे प्रमाण निम्म्यावर नेले. तरीही सोडतीत वॉर्ड महिलांसाठी निघाला, की अनेक घरांत तिकीट बायकोच्या नावावर येते आणि भाषण नवरा लिहून देतो. पुढच्या खेपेस वॉर्ड खुला झाला, की नुकती बोलू लागलेली ती बाई पुन्हा घरी बसते.

गंमत अशी, की आपली मराठी इथे आडवी येत नाही. ‘येतो’ आणि ‘येते’ यांत भेद आहे. पण ‘मी करीन’ आणि ‘मी केले’ हे स्त्री-पुरुषांनी सारखेच म्हणायचे. हिंदीत वचन देतानाही ‘करूँगा’ की ‘करूँगी’ हे ठरवावे लागते. मराठीत वचनाला लिंग नाही, हिशेबालाही नाही.

मृणाल गोरे यांना लोकांनी ‘पाणीवाली बाई’ म्हटले. त्या नावात नवरा नाही, साहेब नाहीत. मुंबईच्या पाण्यासाठी केलेले काम आहे. 1977 मध्ये त्या लोकसभेवर निवडून गेल्या.

2023 च्या 106 व्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश जागांचे तत्त्व लोकसभा-विधानसभांपर्यंत नेले आहे. म्हणजे हा प्रश्न आता वॉर्डापुरता उरणार नाही. बँकेत शेजारची व्यक्ती कितीही बोलली, तरी अर्जावर सही अर्जदाराचीच लागे. मतदारांनीही तेवढा आग्रह धरावा. पुढच्या सभेत यजमानांनी माईक हाती घेतला, तर उभे राहून शांतपणे विचारावे, ‘ताई, तुम्ही काय कराल?’ आणि उत्तर येईपर्यंत खाली बसू नये.