बांबू कोणाचा, कार्बन कोणाचा?

पडीक जमिनीवर बांबू लावावा, त्याने हवेतील कार्बन शोषावा आणि त्या कार्बनचे पैसे शेतकऱ्याला मिळावेत, ही कल्पना सध्या मोठ्या उत्साहाने मांडली जाते. उत्साह अनाठायी नाही. बांबूच्या कंदमुळांचे जाळे मातीची धूप रोखते. गळलेल्या पानांचा थर उघड्या मुरमावर साचतो. काठी तीन-चार वर्षांत पक्व होते आणि ती तोडली तरी कंद नवे कोंब देतच राहतो.

कार्बनचा हिशेब मात्र इतका सरळ नाही. न तोडलेली काठी कालांतराने उभ्याउभ्या वाळते, कुजते आणि घेतलेला कार्बन हवेला परत करते. ती जाळल्यास कोळशाची बचत होईल, साठा होणार नाही. तो टिकवायचा तर काठी वेळीच तुटली पाहिजे आणि तिचे घर वा फर्निचर झाले पाहिजे. म्हणजे प्रश्न लागवडीचा कमी आणि तोडणीचा अधिक. आणि तोडणी म्हटली की हक्काचा प्रश्न आलाच.

या हक्काचा इतिहास उद्बोधक आहे. बांबू हे वस्तुतः गवत. परंतु १९२७ च्या भारतीय वन कायद्याने त्याची गणना वृक्षांत केली. वनाबाहेरील बांबूची त्या व्याख्येतून सुटका झाली ती २०१७ मध्ये. गवताला गवत म्हणण्यास नव्वद वर्षे लागली! वनातील बांबूची कथा याहून निराळी नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने तो गौण वनोपज ठरविला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्कही मिळाला. तरीसुद्धा बांबूच्या वाहतुकीचे पासबुक ग्रामसभेच्या हाती पडण्यास एप्रिल २०११ उजाडला, आणि त्यासाठी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांना गावात यावे लागले.

आता त्याच बांबूतून कार्बन नावाचा दुसरा माल निघणार आहे. त्याची मोजणी व पडताळणी खर्चिक असल्याने दोन-चार एकरांच्या शेतकऱ्याला मध्यस्थाशिवाय बाजार गाठता येणार नाही. शिवाय दप्तरात ‘पडीक’ म्हणून नोंदलेली जमीन बहुधा कोणाचे तरी चराऊ रान असते. कोवळे कोंब जगवायचे तर आरंभीची वर्षे तेथे गुरे-शेळ्यांना बंदी करावी लागते. ही झीज भूमिहीन गुराख्याने सोसायची आणि कार्बनची रक्कम करारावर सही करणाऱ्याने घ्यायची, हा व्यवहार कोणत्या अर्थशास्त्रात बसतो? तेव्हा पहिला खड्डा खणण्यापूर्वी ग्रामसभेची संमती, तोडणीचा निर्विवाद अधिकार, चाऱ्याची पर्यायी सोय आणि कार्बनच्या उत्पन्नातील वाटा, या चारही बाबी मराठीत लिहिलेल्या करारात आल्या पाहिजेत.